वॉरलॉक नव्या घरात मावत नाही

पत्रलेखक पुण्याचे. 3 वर्षांपासून मित्रमंडळींसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची (फासे टाकत, आपापलं पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ) पाचवी आवृत्ती चालवतात, एकाआड एक शनिवारी, ऑनलाइन, कारण एक मैत्रीण मँचेस्टरला असते. खेळाडू चार, सगळे नवव्या लेव्हलवर: वॉरलॉक (सौदा करून जादू मिळवणारा), पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), रोग (इंग्रजी rogue, चोरटा लढवय्या) आणि विझर्ड (पुस्तकी जादूगार). (रोग देवनागरीत लिहिला की तो खेळाडू आजारी वाटतो. इलाज नाही.) पत्रलेखकांना आता ‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीवर जायचंय. त्यासाठी त्यांनी एक स्प्रेडशीट केली. डावीकडे जुना क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, उजवीकडे नवा. रोगसमोर रोग, विझर्डसमोर विझर्ड, पॅलाडिनसमोर चॅम्पियन. वॉरलॉकसमोर ‘विच’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. स्प्रेडशीट ग्रुपवर टाकली. वॉरलॉक खेळणारा मित्र, कॉलेजपासूनचा, एवढंच म्हणाला, “मग माझा माणूस मेला समज.” त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी तो आला नाही. पत्रलेखक विचारतात, “वॉरलॉकच्या सगळ्यात जवळचा क्लास कोणता? आणि हे त्याला पटवून कसं देऊ?”

---

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल. वॉरलॉकला पाथफाइंडर 2 मध्ये जुळा भाऊ नाही. चार चुलतभाऊ आहेत, आणि ते चौघं एकाच समारंभात कधी भेटत नाहीत. त्यातला कुठला तुमच्या मित्राचा, हे ना मला सांगता येईल ना तुम्हाला. ते त्यालाच विचारायला हवं होतं, आणि तुम्ही मला विचारलंत.

माझं लहानपण वाड्यात गेलं. वाडा पाडून तिथे इमारत होणार हे नक्की झालं, तेव्हा आजीने नव्या फ्लॅटचा नकाशा बघून पहिला प्रश्न विचारला, “यात माझं फडताळ कुठे बसेल?” आता फडताळ म्हणजे भिंतीतच केलेलं कपाट. ते उचलून कुठे नेणार? भिंत पडली की फडताळ संपलं. बाबा दोन दिवस तिला नव्या स्वयंपाकघरातलं मॉड्युलर कपाट दाखवत राहिले, हे बघ तेवढंच खोल आहे, तेवढीच उंची आहे. ती ऐकेना. शेवटी आईने फडताळातलं सगळं काढून जमिनीवर मांडलं. लोणच्याच्या बरण्या, देवाचं तेल, पोस्टाची पासबुकं, आजोबांचा तपकिरीचा डबा. लोणचं स्वयंपाकघरात गेलं, तेल देवघरात, पासबुकं बाबांच्या टेबलात. तपकिरीचा डबा आजीने उशाशी ठेवला. फडताळाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

क्लास हे फडताळ आहे. तो त्या सिस्टिमच्या, म्हणजे त्या खेळाच्या नियमांच्या, भिंतीत कोरलेला असतो. तुमची स्प्रेडशीट खोली आणि उंची मोजत बसली आहे. आत काय होतं ते तिने विचारलंच नाही.

क्लास म्हणजे काहीतरी सनातन गोष्ट आहे, प्रत्येक खेळात त्याचा एक अवतार असायलाच हवा, असं आपल्याला वाटतं खरं. पण 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी. क्लेरिकचा जन्मही कुठल्या तत्त्वज्ञानातून झाला नव्हता. आर्नेसनच्या टेबलावर सर फँग नावाचा व्हँपायर डोईजड झाला होता, त्याला आवर घालायला कोणीतरी हवं होतं. चोर आणि पॅलाडिन दोघंही आले 1975 च्या पुरवणीत. पॅलाडिन तेव्हा वेगळा क्लाससुद्धा नव्हता. करिष्मा, म्हणजे पात्राची छाप मोजणारा आकडा, 17 किंवा जास्त पडला, तर चांगल्या वळणाच्या फायटरला मिळणारी ती बढती होती. 1981 च्या बेसिक संचात तर ‘एल्फ’ आणि ‘ड्वार्फ’ हेच क्लास होते. म्हणजे जात आणि धंदा एकच. आपल्याला ही कल्पना नवी नाही, सोडा. सांगायचं एवढंच की क्लास त्या त्या टेबलाच्या गरजेतून झाले. टेबल बदललं की गरज बदलते.

आता वॉरलॉकचं फडताळ उघडू.

पाचव्या आवृत्तीच्या वॉरलॉकमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. पहिली, करार. कोणातरी मोठ्या, बहुधा भरवशाच्या नसलेल्या शक्तीशी केलेला सौदा. दुसरी, ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा जादूचा मारा. नवव्या लेव्हलला 2 किरण, प्रत्येकी इजेसाठी दहा बाजूंचा 1 फासा, आणि ते दिवसभर, कधी न संपणारे. तिसरी, स्लॉट, म्हणजे मोठे स्पेल सोडायच्या मोजक्या संधी. फक्त 2, पण दोन्ही पाचव्या लेव्हलचे, आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत मिळणारे. त्यामुळे वॉरलॉक खेळणारा माणूस विझर्डसारखा काटकसर करत नाही. तो उधळतो आणि मग सगळ्यांना म्हणतो, बसूया का जरा? चौथी गोष्ट म्हणजे करिष्मा. जादूही करिष्म्यावर आणि बोलबच्चनही करिष्म्यावर, त्यामुळे दरबारात बोलायला पुढे नेहमी तोच.

पाथफाइंडर 2 मध्ये या चार वस्तू चार खोल्यांत गेल्या आहेत.

करार विचकडे आहे. विचला आश्रयदाता असतो, तो तिच्या फॅमिलियरमार्फत, म्हणजे सोबतीच्या जादुई प्राण्यामार्फत, तिला जादू शिकवतो, आणि हेक्स नावाच्या खास शापांचा एक वेगळा साठा असतो. म्हणजे गोष्टीच्या अंगाने तुमचं ‘विच’ चूक नाही. पण विच रोज सकाळी प्रत्येक स्लॉटमध्ये कोणता स्पेल हे आधी ठरवते, आणि तिची जादू बुद्धीवर चालते. उधळ्या, गोडबोल्या माणसाला तुम्ही एकदम अभ्यासू करून टाकलंत. तो चिडला यात नवल नाही.

उधळपट्टीची चव सायकिककडे आहे. हा क्लास 2022 च्या ‘डार्क आर्काइव्ह’मध्ये आला. प्रत्येक रँकचे, म्हणजे स्पेलच्या पायरीचे, 2 च स्लॉट, पण त्याचे कॅन्ट्रिप (स्लॉट न जाळता हवे तितक्या वेळा सोडायचे छोटे स्पेल) इतरांपेक्षा दमदार, आणि फोकस पॉइंट नावाची छोटी शिल्लक खर्च केली की आणखी दमदार. फोकस पॉइंट 10 मिनिटं बसलं की परत मिळतो. ‘बसूया का जरा?’ इथे जिवंत आहे, आणि तासाऐवजी 10 मिनिटं म्हटल्यावर बाकीचे कुरकुरही करत नाहीत. बुद्धी की करिष्मा, हेही खेळाडूने निवडायचं. फक्त करार नाही. शक्ती स्वतःच्याच डोक्यातून येते.

दिवसभर न संपणारा मारा हवा असेल तर कायनेटिसिस्ट आहे, 2023 च्या ‘रेज ऑफ एलिमेंट्स’मधला. त्याला स्पेल स्लॉट ही भानगडच नाही. आग, पाणी, लाकूड, धातू, काय हवं ते उठवा आणि फेका, संध्याकाळपर्यंत. पण तो तगतो अंगकाठीवर, म्हणजे कॉन्स्टिट्यूशनवर. गोडबोलेपणा त्याच्या गावी नाही.

आणि ‘मी लोकांना माहीत नसलेलं काहीतरी जाणतो, आणि ते जोरात बोलून खरं करून दाखवतो’ ही मिजास हवी असेल, तर थॉमटर्ज. तोही ‘डार्क आर्काइव्ह’चाच, आणि करिष्म्यावर चालणारा. स्लॉट नाहीत. खिशात ताईत, हाडं, आरसे, घंटा, आणि प्रत्येक राक्षसाचं वर्म शोधून काढायची सवय. मला विचाराल तर पाथफाइंडर 2 मधला सगळ्यात मजेदार क्लास हा आहे, पण माझं मत इथे बिनकामाचं आहे.

तर मित्राला विचारायचं काय? ‘तुला कुठला क्लास हवा?’ हे अजिबात नको. त्याला अजून पुस्तकच माहीत नाही, तो काय सांगणार. त्याला विचारा, गेल्या 3 वर्षांतला कोणता शनिवार तुला सगळ्यात जास्त आठवतो? मग गप्प बसा. तो म्हणेल, ‘त्या पुलावर मी दोन्ही स्लॉट जाळले आणि ट्रोल खाली पडला’, तर सायकिक. म्हणेल, ‘माझ्या मालकाने माझ्याकडे आईचं नाव मागितलं होतं’, तर विच, किंवा दुसरा कुठलाही क्लास आणि वर विचचा आर्किटाइप. पाथफाइंडरमध्ये दुसऱ्या लेव्हलपासून फीट (लेव्हल वाढली की निवडायचं खास कौशल्य) देऊन दुसऱ्या क्लासची चव घेता येते, हाच आर्किटाइप, आणि ‘फ्री आर्किटाइप’ हा ऐच्छिक नियम लावलात तर त्यासाठी स्वतःच्या क्लासचे फीटही मोडावे लागत नाहीत. सिस्टिम बदलणाऱ्या प्रत्येक टेबलाने तो लावावा असं मी म्हणेन. जुनं कॅरेक्टर सहसा एका क्लासमध्ये मावत नाही, दीड लागतात.

आणि करार, आश्रयदाता, मालक, जे काय असेल ते, त्याला मुळात क्लास लागतो का? ती गोष्ट तुमची आणि त्याची आहे. तो मालक तुमच्या डोक्यात राहतो, नियमांच्या पुस्तकात नाही. मित्राने उद्या कायनेटिसिस्ट घेतला तरी रात्री स्वप्नात येऊन हप्ता मागायला त्या मालकाला कोणाची परवानगी लागत नाही.

पॅलाडिनकडे वळते, कारण तिथे तुम्ही प्रश्नचिन्ह घातलेलं नाही आणि मला तिथेच जास्त काळजी वाटते.

चॅम्पियन हा पॅलाडिनचा अधिकृत वारस, हे खरंच. पवित्र शपथ, जड चिलखत, हात ठेवून जखमा बऱ्या करणं, सगळं आहे. पाचव्या आवृत्तीत ‘ले ऑन हँड्स’चा नवव्या लेव्हलला दिवसभरासाठी 45 पॉइंटांचा साठा असतो. चॅम्पियन त्याच लेव्हलला एका वेळी 30 बरे करतो आणि 10 मिनिटांनी पुन्हा करू शकतो. इथवर तर फायदाच. पण तुम्ही पाचव्या आवृत्तीचं 2014 चं पुस्तक खेळता, आणि त्यातला पॅलाडिन लोक ज्यासाठी घेतात ते म्हणजे ‘स्माइट’. फासा आधी टाकायचा, लागला हे बघायचं, आणि मग सांगायचं की स्लॉट जाळतेय. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटला आठ बाजूंचे 4 फासे, हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले असतील तर 8. टेबलावर आरडाओरडा. चॅम्पियनकडे हे नाही. त्याच्याकडे स्लॉटच नाहीत. त्याची शान त्याच्या रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये द्यायच्या उत्तरात, आहे: 15 फुटांच्या आत कोणी तुमच्या मित्राला मारलं, तर त्या माऱ्यातून 2 अधिक लेव्हल इतकं कमी करायचं, म्हणजे तुमच्याकडे 11. ढाल आहे तो. आपल्या पॅलाडिनला पुढे उभं राहून वार झेलायला आवडतं की 8 फासे एकदम टाकायला, ते तुम्हाला माहीत असेल.

फासे आवडत असतील तर चॅम्पियन देऊ नका. क्लेरिकचा वॉरप्रीस्ट प्रकार बघा. चौथ्या लेव्हलला त्याला ‘चॅनल स्माइट’ घेता येतो. बरं करायचा किंवा इजा करायचा स्पेल जाळून त्याची ताकद थेट हत्यारात घालायची. क्लेरिकला असे स्पेल वेगळ्या साठ्यातून जादा मिळतातच, त्यामुळे बाकीच्या जादूला हात लावावा लागत नाही. फक्त तोच साठा बरं करण्याचा असेल तर तो वार भुताखेतांवर चालतो, जिवंत माणसांवर नाही. देव आणि साठा निवडताना हे आधी बघा. नाहीतर फायटर घ्या आणि वर चॅम्पियनचा आर्किटाइप. फायटरचा नेम सुरुवातीपासून बाकी बहुतेकांपेक्षा 2 ने पुढे असतो, आणि या खेळात लक्ष्याच्या 10 वर गेलं की क्रिट, म्हणजे दुप्पट इजा. त्यामुळे तो 20 पडायची वाट बघत नाही. आरडाओरडा वारंवार होईल.

रोगसमोर रोग, विझर्डसमोर विझर्ड, या दोन ओळी तुम्हाला सगळ्यात सोप्या वाटल्या असतील. माझा अनुभव उलटा आहे. नाव वेगळं असलं की खेळाडू पुस्तक वाचतो. नाव तेच असलं की वाचत नाही, आणि तिसऱ्या शनिवारी म्हणतो, “हे काय बकवास आहे?”

रोग: नवव्या लेव्हलला तुमच्याकडे ‘स्नीक अटॅक’चे, म्हणजे गाफील शत्रूवरच्या जादा इजेचे, सहा बाजूंचे 5 फासे आहेत. पाथफाइंडरमध्ये त्याच लेव्हलला 2. कागदावर हे बघून कोणाचंही तोंड उतरेल. पण पाचव्या आवृत्तीत ते फासे एका टर्नमध्ये एकदाच मिळतात, आणि इथे शत्रू बेसावध असेतोवर लागलेल्या प्रत्येक वाराला. बेसावध कसा करायचा? पूर्वी मित्र शत्रूच्या शेजारी असला की पुरत होतं. आता दोघांनी त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर उभं राहावं लागतं. म्हणजे तुमच्या रोगला पॅलाडिनशी बोलून हालचाल करावी लागेल. काहींना हे फार आवडतं. काही म्हणतात, मी एकटा बरा होतो. आणि तो विचारेल, “माझी कनिंग अ‍ॅक्शन कुठे गेली?” पळायची, लपायची ती जादा संधी गेली नाही, घरातच मुरली आहे. इथे प्रत्येकाला टर्नला 3 अ‍ॅक्शन असतात, पळा, लपा, मारा, काय हवं ते. आणि समोरून जाणाऱ्यावर फुकट वार करायची मुभा सरसकट सगळ्यांना नाही, त्यामुळे निसटण्यासाठी वेगळी युक्ती क्वचितच लागते. नव्या फ्लॅटमध्ये नळाला चोवीस तास पाणी असेल तर पिंप कुठे ठेवायचं हा प्रश्न पडत नाही, तसं.

विझर्डचं थोडक्यात. तुमच्या विझर्डला रोज सकाळी स्पेलची यादी ठरवायची आणि मग हव्या त्या स्लॉटने हवा तो, हव्या तितक्या वेळा सोडायचा अशी सवय आहे. नव्या खेळात एक फायरबॉल हवा तर एक भरायचा, दोन हवे तर दोन भरायचे. डबा भरून दिल्यासारखं. शिवाय शत्रूला एका फटक्यात निकामी करणारे बरेच स्पेल वरच्या लेव्हलच्या शत्रूंवर मुद्दाम बोथट केलेले आहेत. तो मोकळेपणाच हवा असेल तर सॉर्सरर हा दुसरा जादूगार क्लास द्या, किंवा विझर्डवर ‘फ्लेक्सिबल स्पेलकास्टर’ आर्किटाइप. विझर्ड खेळणाऱ्या व्यक्तीला आवडणारी गोष्ट जाडजूड पुस्तक आणि नियोजन असेल, तर मात्र विझर्डच बरा. तुमची मँचेस्टरची मैत्रीण हीच असावी असा माझा अंदाज आहे. सेशनच्या आधी सगळ्यांना यादी पाठवणारी एक व्यक्ती प्रत्येक ग्रुपमध्ये असते.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं झालं. आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात तीन ठिकाणी लिहिलंत, त्याबद्दल.

तुम्ही का बदलताय? तुमचेच शब्द: ‘मी दोन रात्री जागून बॉस बनवतो आणि हे लोक त्याला दीड राउंडमध्ये लोळवतात.’ मला पूर्ण सहानुभूती आहे. वरच्या लेव्हलला पाचव्या आवृत्तीत लढाईचं गणित जुळवणं कठीण जातं, आणि पाथफाइंडर 2 चं गणित खरोखर चोख आहे. चौघांसाठी मध्यम लढाईला 80 पॉइंट, जड लढाईला 120. पार्टीच्याच, म्हणजे खेळाडूंच्या चमूच्याच, लेव्हलचा एक राक्षस 40 ला पडतो. दोन आणले की मध्यम, तीन आणले की जड. बाजारहाट केल्यासारखं, आणि मालही बरोबर निघतो. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हे सुख मोठं आहे. पण लक्षात घ्या, हे सुख तुमचं आहे. बॉस दीड राउंडमध्ये लोळला याचं तुमच्या खेळाडूंना दुःख नव्हतं. त्यांना तर मजा आली असणार. तुम्ही घर बदलताय तुमच्या पाठदुखीसाठी आणि सामान बांधायला लावताय त्यांना. यात गैर काही नाही, 3 वर्षं रात्री जागणाऱ्या माणसाला पाठदुखी सांगायचा हक्क आहे. फक्त ती तुम्ही सांगितलीच नाहीत. तुम्ही स्प्रेडशीट पाठवली. मित्राच्या बाजूने बघा: त्याला एक दिवस फोनवर एक तक्ता आला, आणि त्यात त्याच्या माणसाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं.

मग पर्याय काय? सगळ्यात साधा म्हणजे ही कॅम्पेन, म्हणजे चालू असलेली लांब गोष्ट, पाचव्याच आवृत्तीत संपवायची, आणि नवी गोष्ट, नवी कॅरेक्टर्स पाथफाइंडरमध्ये पहिल्या लेव्हलपासून सुरू करायची. शेवट 6–8 शनिवारांवर असेल तर दुसरा विचारच करू नका. शेवट वर्षभर लांब असेल, तर तुमची पाठ तोवर टिकणार नाही, हेही मला दिसतंय.

मधोमध, त्याच कॅरेक्टर्ससकट बदलायचं असेल, तर निदान थेट नवव्या लेव्हलला उडी मारू नका. ही चूक मी केली आहे. वेगळ्या सिस्टिमा होत्या, पण चूक हीच. आठव्या लेव्हलची शीट, म्हणजे पात्रांच्या माहितीचे कागद, भरून दिली, पहिल्या सेशनला प्रत्येकाकडे तीन पानं फीट, आणि प्रत्येक टर्नला ‘थांब हं, बघतो’. मैत्रिणीचा ड्रुइड (प्राण्यांचं रूप घेणारा क्लास) मी स्वतःच ‘जवळच्या’ क्लासमध्ये बसवला होता, तिला न विचारता. ती दोन सेशन गोड बोलली, आणि मग तिचं ऑफिस फार वाढलं. मला वाटलं खरंच वाढलं असेल. पुढे एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, “तू माझं अस्वल काढून घेतलंस.” त्या नव्या खेळात अस्वल होतं. पण ते स्पेलने ठरवलेल्या आकड्यांचं अस्वल होतं. तिचं नव्हतं.

त्याऐवजी हे करून बघा. कॅम्पेन जिथे आहे तिथे थांबवा आणि 3 शनिवार भूतकाळ खेळा, नव्या नियमांत. पहिल्या शनिवारी पहिली लेव्हल: हे चौघं एकमेकांना भेटण्याआधीचा एखादा दिवस. मग तिसरी, मग पाचवी. वॉरलॉकने करार केला ती रात्र तुम्ही कधी खेळला आहात का? बहुतेक टेबलांवर ती नुसती सांगितलेली असते, खेळलेली नसते. ती खेळा. या तीन शनिवारांत क्लास दर वेळी बदलायची मोकळीक ठेवा. एकदा सायकिक, पुढच्या वेळी थॉमटर्ज, कोणी हिशोब मागणार नाही, आठवणी तशाही धूसर असतात. नियम लहान लेव्हलवर हाताला बसतात, आणि नवव्या लेव्हलला परत याल तेव्हा प्रत्येकाला आपल्याला काय हवंय हे कळलेलं असेल. नंतरही दोनेक महिने शीट बदलायची मुभा जाहीर करून टाका.

पुस्तकं लगेच विकत घेऊ नका, कोणालाही घ्यायला लावू नका. पाथफाइंडर 2 चे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर फुकट आणि अधिकृतपणे मिळतात. कॅरेक्टर बनवायला ‘पाथबिल्डर’ आहे, ऑनलाइन टेबलासाठी ‘फाउंड्री’वर या खेळाची सोय उत्तम आहे. एक सावधगिरी: 2023 च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर प्रकाशक पायझोने पाथफाइंडरची पुस्तकं नव्या परवान्याखाली पुन्हा लिहून काढली आणि बऱ्याच गोष्टींची नावं बदलली. नोव्हेंबर 2023 आधीची आणि नंतरची पानं एकत्र वाचलीत तर एकाच गोष्टीची दोन नावं दिसतील. तुमच्या रोगने कुठेतरी ‘फ्लॅट-फुटेड’, म्हणजे बेसावध, वाचलं आणि तुम्ही ‘ऑफ-गार्ड’ म्हणालात, तर दोघंही बरोबर आहात.

ज्या वाचकांना क्लास नसलेल्याच खेळात जायचंय, ‘कॉल ऑफ कथुलू’ किंवा ‘गर्प्स’सारख्या, त्यांच्यासाठी खरं तर हे काम सोपं आहे. तिथे फडताळच नाही, सगळं जमिनीवर मांडलेलं. बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणाऱ्या माझ्या एका मित्राने कथुलूत येऊन विचारलं होतं, माझा क्लास कुठला? त्याला म्हटलं, तू ग्रंथपाल आहेस. तो हिरमुसला. पण त्याला बार्बेरियनमध्ये आवडायचं ते दार लाथेने उघडणं. त्याच्या ग्रंथपालाने 4 सेशनमध्ये 6 दारं तोडली आणि दुसऱ्या दाराला पाय मोडून घेतला.

आता तुमचा मित्र. त्याला ‘पटवून’ देऊ नका, हा शब्दच पत्रातून खोडा. मेसेज करू नका, फोन करा. जमलं तर भेटा, दोघंही पुण्यात आहात. आधी सांगा की माझी पाठ दुखतेय, लढाया जमत नाहीयेत, म्हणून बदलायचा विचार आहे, आणि तक्ता आधी पाठवला ही माझी चूक झाली. मग त्या आठवणीतल्या शनिवाराचं विचारा. तो नाही म्हणाला, मला इथेच राहायचंय म्हणाला, तर तेही ऐका, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवा की ही गोष्ट जुन्या नियमांत संपवायची का. आणि भेटायला जाताना लॅपटॉप नेऊ नका. बोलता बोलता तुम्ही ती स्प्रेडशीट उघडाल, मी ओळखते डीएम लोकांना.